इंटरनेटची रांग कुठे लागते?

नारायणगावला माझ्या मावसभावाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी बावीस-तेवीस मुलंमुली तिथे सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बसतात. त्यातल्या काहींचा संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलाखतीचा सराव असतो. नेमका त्याच वेळी आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा, समोरचे सर "ऐकू येत नाही, परत सांगा" म्हणायचे. भावाने प्लॅन बदलला, ४० चे १०० एमबीपीएस झाले. त्रास तसाच राहिला. शेवटी त्याचा फोन आला, "दादा, स्पीड टेस्टला शंभर दिसतात. मग कॉल का तुटतो?"

मी गेलो आणि वेग वाढवण्याऐवजी कमी केला. डाउनलोडच्या शंभरावर नव्वदची मर्यादा घातली, अपलोडच्या दहावर नऊची. त्या संध्याकाळी मोठ्या खोलीतले कॉल तुटायचे थांबले. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, भावालाही वाटलं. म्हणून कारण सावकाश सांगतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला किती लेन आहेत हा एक प्रश्न, आणि आज खालापूरच्या टोलनाक्यावर किती वेळ थांबावं लागेल हा दुसरा. इंटरनेटच्या बाबतीत आपण पहिल्याचंच उत्तर विकत घेतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट जाऊ शकतील एवढी रुंदी, म्हणजेच बँडविड्थ. पण एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा एक छोटा तुकडा, इथून निघून पलीकडे पोचायला किती वेळ लागतो, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. सिनेमा बघताना याने फरक पडत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. बोलताना मात्र सगळं यावरच अवलंबून असतं. दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय मापदंड ठरवणाऱ्या आयटीयू संस्थेने संभाषणासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं सुचवलं आहे. त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात.

अभ्यासिकेत मी पहिल्यांदा पिंग लावला, म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवून त्याचं उत्तर किती वेळात येतं ते मोजलं. दुपारी, सगळं शांत असताना, उत्तर १८ मिलिसेकंदांत येत होतं. मग एक मोठी फाइल अपलोडला लावली आणि पुन्हा पाहिलं, तर ९०० मिलिसेकंद! जोडणी तीच, रुंदी तीच, फक्त रस्त्यात कुठेतरी रांग लागली होती.

कुठे, ते बघू. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतची वायर सेकंदाला १,००० मेगाबिट नेते. राउटरला जोडलेल्या मोडेममधून बाहेर जायला मात्र दहाच मेगाबिटची वाट आहे. शंभरपट अरुंद. आलेली पॅकेटं तिथे थांबणार, आणि त्यांना थांबायला मोडेममध्ये थोडी मेमरी असते, तिला बफर म्हणतात. समजा हा बफर एक मेगाबाइटचा आहे. एक मेगाबाइट म्हणजे ८० लाख बिट. सेकंदाला एक कोटी बिट या गतीने तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतो. बफर भरलेला असताना तुमच्या कॉलचं चिमुकलं पॅकेट आलं, तर ते शेवटी उभं राहतं आणि पाऊण सेकंदाहून जास्त वेळ तिथेच खोळंबतं. अभ्यासिकेत संध्याकाळी कॅमेऱ्यांचं दिवसभराचं चित्रण क्लाउडवर चढायचं, शिवाय नोट्सचे फोटो मुलांच्या फोनमधून आपोआप बॅकअपला जायचे. बफर भरायला एवढं पुरेसं होतं.

बरं, तो अधूनमधून भरतो असंही नाही. मोठी फाइल जात असली की तो भरणारच, कारण इंटरनेटवर पाठवणाऱ्याला वाट किती रुंद आहे हे कोणी सांगत नाही. त्याने ते चाचपून शोधायचं असतं. टीसीपी नावाची जी पद्धत आपल्या बहुतेक फाइली वाहून नेते, ती हळूहळू गती वाढवत जाते आणि कुठेतरी पॅकेट हरवलं की समजते, इथे हद्द झाली. मग गती एकदम खाली आणते आणि पुन्हा वाढवू लागते. बफर मोठा असेल तर पॅकेट हरवतच नाही, नुसतं थांबतं. पाठवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो आणखी ओततो.

ही चाचपण्याची रीत आली त्यामागे एक खरी घटना आहे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली जोडणी कोसळली. अंतर जेमतेम ४०० यार्ड. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. रस्ता तुंबला तरी प्रत्येक संगणक हरवलेलं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि तुंबारा वाढवत होता. तिथले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा, ही शिस्त १९८८ च्या आपल्या शोधनिबंधात मांडली. आज तुमच्या फोनपासून मोठ्या डेटा सेंटरपर्यंत हीच शिस्त वेगवेगळ्या रूपांत चालते. कोणी पहारेकरी नसताना कोट्यवधी यंत्रं स्वतःहून मागे सरतात, याचं मला अजूनही फार कौतुक वाटतं.

पुढे मेमरी स्वस्त झाली. पॅकेट वाया जाऊ नये म्हणून यंत्रं बनवणाऱ्यांनी बफर मोठे मोठे केले, आणि हात आखडता घ्यायचा तो इशाराच उशिरा पोचू लागला. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांना आपल्या घरच्याच जोडणीवर हे दिसलं, आणि या दुखण्याला बफरब्लोट हे नाव मिळालं. म्हणजे फुगलेला बफर.

इथे आणखी एक गुंता आहे. भावाचा प्रश्न होता, "अपलोडची रांग लागली तर डाउनलोड का मंदावतो? ते तर येणारं आहे." त्याचं उत्तर पोचपावतीत आहे. तुम्ही काहीही उतरवत असलात तरी तुमचा संगणक पाठवणाऱ्याला सतत छोटी छोटी पोच देत असतो, "इथवर मिळालं, पुढचं पाठव." ती पोच जाते अपलोडच्या वाटेने. ती वाट तुंबली की पोच अडकते, पोच अडकली की पलीकडचा थांबतो. शंभराची मोठी वाट रिकामी पडून राहते आणि आपण प्लॅनला दोष देतो. म्हणून दुरुस्ती नेहमी अपलोडपासून सुरू करावी.

आता उपाय. मोडेमचा बफर आपल्या हातात नाही. त्यातली रांग आपण बघू शकत नाही, कोणाला पुढे घ्यायचं तेही ठरवू शकत नाही. पण राउटर आपला आहे. राउटरने दहाऐवजी नऊच मेगाबिट बाहेर सोडले, तर मोडेमपाशी रांग लागायचं कारणच उरत नाही. ती आता राउटरमध्ये लागते. रांग नाहीशी झालेली नाही, ती मोडेममधून उचलून आपण आपल्या उंबऱ्याच्या आत आणली. जे एक मेगाबिट सोडून दिलं, ती या ताब्याची किंमत. आणि रांग आपल्या ताब्यात असली की तिथे माणूस ठेवता येतो, जो म्हणेल, "कॉलवाले पुढे या, कॅमेरावाले थांबा."

राउटर नऊच कसे सोडतो? जवळजवळ सगळीकडे एक साधी युक्ती वापरतात. एक डबा कल्पा, त्यात ठरावीक गतीने टोकनं पडत असतात. एक बाइट पाठवायला एक टोकन. हिशेबाला सोपं म्हणून मर्यादा ८ एमबीपीएस धरू. सेकंदाला ८० लाख बिट, म्हणजे दहा लाख बाइट, म्हणजे दर मिलिसेकंदाला हजार टोकनं. नेहमीचं मोठं पॅकेट १,५०० बाइटचं असतं, त्यामुळे दीड मिलिसेकंदाला एक पॅकेट सुटतं. कोणी काही पाठवत नसेल तेव्हा टोकनं साठतात, पण डबा भरला की वरची सांडून जातात. डबा १५,००० टोकनांचा असेल, तर बराच वेळ शांत बसलेल्याला दहा पॅकेटं एकदम सोडता येतात आणि पुन्हा ठरल्या गतीवर यावं लागतं. म्हणून मर्यादा घालताना दोन आकडे विचारले जातात, गती आणि डब्याचा आकार. डबा फार मोठा ठेवला तर एकदम सुटलेला लोंढा पुन्हा मोडेमचा बफर भरतो. फार छोटा ठेवला तर राउटरच्या प्रोसेसरवर ताण येतो.

टोकन नसताना आलेल्या पॅकेटचं काय करायचं, यावर दोन पद्धती वेगळ्या होतात. त्याला थांबवून ठेवलं तर ते शेपिंग. तिथल्या तिथे टाकून दिलं तर ते पोलिसिंग. बाहेर जाणाऱ्यासाठी शेपिंगच चांगलं, त्यात चाल गुळगुळीत राहते. पोलिसिंगला मेमरी लागत नाही, म्हणून हजारो ग्राहक सांभाळणाऱ्या मोठ्या यंत्रांवर ते वापरलं जातं. ठरलेला डेटा संपल्यावर आपला वेग खाली येतो, तेव्हाही यांपैकीच एक गोष्ट पलीकडच्या टोकाला चालू झालेली असते.

येणाऱ्याची गोष्ट मात्र खरोखर अवघड आहे, आणि राउटरच्या पडद्यावर "डाउनलोड लिमिट" अशी नुसती चौकट दिसते, तेव्हा हा अवघडपणा झाकला जातो. जाणारं पॅकेट आपल्या हातात असतं. येणारं पॅकेट आपल्या हातात येतं तेव्हा ते अरुंद वाटेतून येऊन चुकलेलं असतं, आपली बँडविड्थ खर्च झालेली असते. पोस्टमन दारात आल्यावर पत्र नाकारता येतं, पण त्याची पायपीट वाचवता येत नाही. मग येणाऱ्यावर मर्यादा घालण्याला अर्थ काय?

अर्थ जेकबसन यांच्या शिस्तीत आहे. आपण थोडी पॅकेटं अडवून धरली किंवा टाकून दिली, की पलीकडचा पाठवणारा समजतो की वाट अरुंद आहे, आणि पुढची हळू पाठवतो. आज टाकलेलं पॅकेट हा उद्याच्या पॅकेटांसाठीचा निरोप आहे. पाठवणारे नव्वदवर स्थिरावले की पुरवठादाराच्या यंत्रातली शंभराची वाट तुंबत नाही, आणि रांग पुन्हा आपल्या राउटरमध्ये येते.

या निरोपाला जायला-यायला वेळ लागतो. सर्व्हर मुंबईत असला तर काही मिलिसेकंद, अमेरिकेत असला तर पाव सेकंदाच्या आसपास. त्या मधल्या काळात जे निघालेलं आहे ते येऊन आदळणारच. शिवाय नवी जोडणी (इथे दोन संगणकांमधली एकेक देवाणघेवाण, घरात येणारी वायर नव्हे) सुरू होताना पाठवणारा बहुधा पहिली दहा पॅकेटं पोचेची वाट न बघता एकदम सोडतो. एखादं पान उघडताना तीस जोडण्या एकाच क्षणी सुरू झाल्या, तर तीनशे पॅकेटं, म्हणजे साडेचार लाख बाइट अंगावर येतात. नव्वदच्या गतीने ते उतरायला ४० मिलिसेकंद लागतात. म्हणून अपलोडला पाच-दहा टक्के सोडून भागतं, तिथे डाउनलोडला दहा-पंधरा सोडावे लागतात. आणि पाठवणाऱ्याने ऐकायचंच नाही असं ठरवलं असेल, म्हणजे कोणी मुद्दाम पॅकेटांचा मारा करत असेल, तर आपल्या राउटरवरची मर्यादा काहीच करू शकत नाही. तो मारा पुरवठादाराच्याच टोकाला अडवावा लागतो. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा हल्ल्यापासून संरक्षण म्हणून डाउनलोड मर्यादा सुचवणारे मला भेटले आहेत.

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या राउटरांत येणाऱ्यासाठी एक छान वळसा आहे. शेपिंगची सगळी साधनं मुळात जाणाऱ्या वाहतुकीसाठी लिहिलेली. म्हणून येणारी पॅकेटं आयएफबी नावाच्या एका काल्पनिक नेटवर्क कार्डाकडे वळवतात. त्या कार्डातून ती "बाहेर पडतात", आणि बाहेर पडताना त्यांना जाणाऱ्यांचेच नियम लावता येतात.

रांग घरात आणली, पण तिथेही ती लांबतच गेली तर उपयोग काय? इथे पुन्हा जेकबसन यांचंच नाव येतं. १९८८ नंतर चोवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, संशोधक कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. तोवर लोक रांगेत किती पॅकेटं आहेत हे मोजत होते. या दोघांनी प्रत्येक पॅकेट किती वेळ उभं आहे हे मोजायला सुरुवात केली. लोंढा आला, रांग लागली आणि ओसरली, तर ती चांगली रांग, तिला हात लावायचा नाही. पण १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही थांबायचा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती साचलेली रांग. मग एखादं पॅकेट टाकायचं, पाठवणाऱ्याला निरोप द्यायचा. मला हा विचार फार सुंदर वाटतो, कारण जोडणी दहाची असो वा हजाराची, माणसाला जाणवतो तो वेळच.

याला जोड मिळाली ती प्रत्येक जोडणीसाठी वेगळी रांग करण्याची. त्यातून एफक्यू-कोडेल तयार झालं, आणि आज ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राउटर-प्रणालीत ते मुळातच असतं. अधूनमधून एखादंच पॅकेट पाठवणाऱ्या जोडणीला त्यात आपोआप पुढे घेतलं जातं, आणि फोनवरचं बोलणं नेमकं असंच असतं. या सगळ्यामागे डेव्ह टॅट या संगणकतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं घेतलेले कष्ट आहेत. मुलाबाळांच्या घरातला कॉल नीट चालावा म्हणून ते ठिकठिकाणी जाऊन लोकांना हे समजावत राहिले. २०२५ मध्ये ते गेले.

वाटपाच्या बाबतीत एक कोडं राहतं. प्रत्येक जोडणीला सारखा वाटा दिला, तर तो न्याय झाला का? एकाच मुलाने टॉरेंट, म्हणजे एकाच वेळी अनेकांशी फाइलींची देवाणघेवाण करणारा प्रोग्रॅम, लावला आणि त्याच्या पन्नास जोडण्या अपलोड करत असल्या, दुसरीचा एक व्हिडिओ कॉल असला, तर नऊ मेगाबिटचे एक्कावन्न वाटे होतात. कॉलच्या वाट्याला १७६ किलोबिट येतात. आवाज जाईल, चेहरा जाणार नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलेली केक ही पद्धत आधी उपकरणांमध्ये वाटणी करू शकते, मग प्रत्येकाच्या वाट्यात त्याच्या जोडण्यांची. दोघं असतील तर दोघांना साडेचार-साडेचार. अभ्यासिकेत मी हेच लावलं, आणि "कोणीतरी काहीतरी डाउनलोड करतंय" ही रोजची कुरबुर मिटली.

वसतिगृहांत आणि लॉजवर प्रत्येक उपकरणाला दोन एमबीपीएसची ठाम मर्यादा घालून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. रात्री अकराला एकटी मुलगी अभ्यास करत बसलेली असते, अठ्ठ्याण्णव मेगाबिट पडून असतात, आणि तिचं व्याख्यान अडखळत असतं. पाटाच्या पाण्याची पाळी ज्याची आहे त्याने घेतली नाही, तर पुढच्याच्या शेताला ते द्यावं, वाया घालवू नये. एचटीबी नावाच्या जुन्या साधनातही ही सोय आहे. प्रत्येकाला दोन आकडे असतात, एक हमीचा, एक कमाल. हमीएवढं कधीही मिळणार, आणि इतरांचं उरलं असेल तर कमालीपर्यंत उसनं घेता येणार.

राउटरपर्यंत जायचंच नसेल, तर एकेका प्रोग्रॅमला आवर घालता येतो. क्लाउडवर फाइली चढवणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅमांत आणि विंडोजच्या अपडेटच्या सेटिंगमध्ये वेगमर्यादा असते. टॉरेंटमध्ये अपलोडची मर्यादा जरूर घालावी. त्या मंडळींनी स्वतःही एक नम्र रीत काढली आहे, लेडबॅट. ती पॅकेट हरवायची वाट न बघता, उशीर वाढतोय असं दिसलं की मागे सरते. एकच सावधगिरी. जोडणीचा वेग बिटांत सांगतात, प्रोग्रॅम बहुतेकदा बाइटांत विचारतात, आणि एका बाइटात आठ बिट असतात. आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला मर्यादा १००० दिली की ती सेकंदाला हजार किलोबाइट होते, म्हणजे आठ एमबीपीएसच्या वर. दहाच्या अपलोडवर आठ गेले, आणि घालणाऱ्याला वाटतं आपण एकच दिला.

राउटरवर करायचं असेल तर आधी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेग मोजा. संध्याकाळचा सगळ्यात कमी आकडा धरा, जाहिरातीतला नको. आधी अपलोडला त्याच्या ऐंशी टक्के मर्यादा घाला, मोठी फाइल चढवत ठेवून पिंग बघा, आणि पिंग वाढेपर्यंत मर्यादा थोडी थोडी वर न्या. आम्ही आठपासून सुरुवात केली, नऊला १८ चे २४ मिलिसेकंद झाले, साडेनऊला एकदम दीडशे. नऊवर थांबलो. मग डाउनलोड तसंच. राउटरमध्ये हार्डवेअर ऑफलोड चालू असेल तर तो बंद करावा लागतो, कारण त्यात पॅकेटं प्रोसेसरला टाळून परस्पर निघून जातात आणि मर्यादा लागतच नाही. पण बंद केल्यावर सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, आणि स्वस्त राउटर मोठ्या वेगाला धापा टाकतो. सिमकार्डवर चालणाऱ्या जोडणीला हा उपाय तितका लागू पडत नाही. तिथे वाटेची रुंदीच क्षणाक्षणाला बदलते, आणि कायमची मर्यादा एक तर फार कमी ठरते किंवा फार जास्त.

अभ्यासिकेत जिन्याखालच्या दोन टेबलांची तक्रार मात्र राहिली. तिथे पिंग घेतला तर राउटरपर्यंतच दोनशे मिलिसेकंद लागत होते, बाहेरचा रस्ता अजून सुरूही झाला नव्हता. मध्ये दोन जाड भिंती, वायफाय क्षीण, आणि रांग लागत होती ती हवेत. त्यावर कुठलीही मर्यादा चालली नसती. भावाने दुसऱ्या दिवशी बाजारातून पंधरा मीटर वायर आणली आणि दोघांनी मिळून ती जिन्याच्या कडेने ठोकली.